हा रणगाडा आलाय कुठून?

“एवढं छान रंगवलंस, आणि आता त्याच्यावर चिखल कशाला फासतोस रे?”

आईचा हा प्रश्न २०२० च्या पावसाळ्यातला. लॉकडाऊन चालू, ऑफिस घरातच आलेलं, आणि शनिवार-रविवारी करायला काही नाही म्हणून मी प्लॅस्टिकच्या रणगाड्याचं एक किट मागवलं होतं. तामिया कंपनीचा जर्मन पँझर फोर, १:३५ प्रमाणातला. म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा. नळीसकट धरला तर वीतभर लांब. आठवी-नववीत असताना मित्राकडे असं एक विमान पाहिलं होतं, तेव्हापासूनची इच्छा. तेव्हा पैसे नव्हते, आता वेळ नव्हता, आणि अचानक दोन्ही एकदम मिळाले!

जोडणी झाली. रंग मी ठरवूनच टाकला होता: गडद करडा. सिनेमात पाहिलेले सगळे जर्मन रणगाडे करडेच तर असतात. रंग वाळल्यावर यूट्यूबवरचे चार व्हिडिओ पाहून ‘वेदरिंग’ला हात घातला. वेदरिंग म्हणजे नव्या मॉडेलला ऊन-पाऊस-धूळ-गंज लावून वापरातलं दाखवणं. मी काय काय केलं याची यादीच देतो. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तपकिरी रंगात बुडवून सगळीकडे ओरखडे उठवले. पट्ट्यांना नारिंगी गंज दिला. बाजूच्या पत्र्यांना वाळवंटी धूळ लावली. वरून थोडा पांढरा रंग पुसटसा फिरवला, कारण रशियातल्या बर्फाचा एक फोटो मला फार आवडला होता. चारही व्हिडिओंमधलं सगळं एकाच रणगाड्यावर!

आई म्हणाली ते वर लिहिलंच आहे. बाबांनी मात्र चष्मा लावला, मॉडेल उचलून खालून-वरून नीट पाहिलं, आणि विचारलं,

“हा आलाय कुठून?”

“म्हणजे?”

“म्हणजे चालून कुठून आलाय? ही धूळ एका गावची आहे, चिखल दुसऱ्या गावचा. आणि एवढा गंज? चालती गाडी अशी गंजत नाही. उभी गाडी गंजते.”

बाबांनी एकतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून काढली. रात्री गाडी आली की बोर्ड न वाचता ती कुठल्या रूटची ते ते सांगायचे. चाकाच्या वर तांबडी माती म्हणजे घाट उतरून कोकणात जाऊन आलीय. काळा, चिकट, वाळल्यावर भेगा पडलेला चिखल म्हणजे बार्शी-लातूरकडची. मागच्या काचेवर धुळीचा जाड थर आणि पुढची काच स्वच्छ, म्हणजे कच्च्या रस्त्याने आलीय, कारण धूळ गाडीच्या मागे भोवरा करून मागच्याच बाजूला बसते. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली चकचकीत काळा ओघळ म्हणजे झाकण नीट बसत नाही. त्यांच्या दृष्टीने मळ ही घाण नव्हतीच, ती गाडीची लॉगफाईल होती (हा शब्द अर्थातच माझा).

तर वाचकहो, त्यांच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना मी रंगकामाकडून इतिहासात जाऊन पडलो. रणगाड्यांचे रंग आणि त्यांच्यावरची धूळ यांचा इतिहास. विषय ऐकायला फुटकळ वाटतो, मलाही वाटला होता. पण बघा.

रणगाडा युद्धात पहिल्यांदा उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ ला, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, फ्लेर्स-कूर्सेलेत इथे. ब्रिटिशांच्या त्या पहिल्यावहिल्या ‘मार्क वन’ रणगाड्यांना रंग कोणी ठरवला असेल? एका चित्रकाराने. सॉलोमन जे. सॉलोमन हे लंडनच्या रॉयल अकॅडमीचे सभासद, उमरावांची तैलचित्रं काढणारे गृहस्थ. रंगांनी वस्तू लपवता येते असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्यांनी लष्कराला ते पटवून दिलं. रणगाड्यांवर हिरवे, तपकिरी, गुलाबीसर असे अनेक रंगांचे ठिगळासारखे पट्टे मारले गेले. एखाद्या निसर्गचित्रात विरघळून जावेत असे.

पुढे काय झालं? सोमचा चिखल झाला! तोफगोळ्यांनी नांगरलेली, पावसाने भिजलेली जमीन. तिथून घसटत गेलेल्या गाडीवर चित्रकाराचे पट्टे कोणाला दिसणार? काही दिवसांत सगळे रणगाडे एकाच रंगाचे दिसू लागले, आणि तो रंग जमिनीचा होता. नंतरच्या रणगाड्यांना ब्रिटिशांनी तो बहुरंगी खटाटोप सोडून सरळ एक तपकिरी रंग द्यायला सुरुवात केली. म्हणजे रणगाड्याचं वेदरिंग रणगाड्याइतकंच जुनं आहे, आणि पहिल्याच सामन्यात चिखलाने रॉयल अकॅडमीला हरवलं :)

दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ, कारण माझा पँझर तिथला. युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन रणगाडे गडद करड्या रंगाचे होते. युरोपच्या ढगाळ हवेत तो रंग चालून गेला. फेब्रुवारी १९४१ मध्ये रोमेलच्या तुकड्या लिबियात त्रिपोलीला उतरल्या तेव्हा रणगाडे त्याच करड्या रंगात होते. पिवळ्याधमक वाळवंटात काळपट करडा रणगाडा! वाळवंटी रंगांचा हुकूम मार्चमध्ये निघाला. रंग पोचेपर्यंत सैनिकांनी जुगाड केलं: तेल आणि वाळू-माती कालवून तेच गाडीला फासलं. हे वाचल्यावर मला आईचा प्रश्न आठवला. चिखल कशाला फासतोस? जीव वाचवायला!

रशियात तीच गोष्ट उलट्या बाजूने. १९४१ च्या हिवाळ्यात सगळीकडे बर्फ आणि रणगाडे करडे. मग चुना. आपण वाड्याच्या भिंतींना देतो तसाच, ब्रशने, झाडूने, मिळेल त्याने. तो टिकाऊ रंग नव्हता, टिकावा अशी अपेक्षाही नव्हती, कारण वसंतात तो धुऊन टाकायचा असे. त्यामुळे जिथे सैनिकांचे बूट पडतात, जिथे हात लागतो, तिथून तो आधी जायचा आणि खालचा करडा दिसायचा. मी ‘पुसटसा पांढरा’ फिरवला होता तो बरोबर उलट ठिकाणी, म्हणजे कडांवर. कडा तर पहिल्यांदा उघड्या पडतात.

मग फेब्रुवारी १९४३. जर्मन लष्कराने आख्खी पद्धतच बदलली. कारखान्यातून गाडी आता गडद पिवळ्या रंगात निघणार, आणि तिच्याबरोबर तांबूस तपकिरी आणि ऑलिव्ह हिरव्या रंगांचे डबे मिळणार. डब्यात रंग नव्हे, घट्ट पेस्ट. ती पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करायची आणि आजूबाजूचं रान बघून सैनिकांनीच पट्टे मारायचे. म्हणजे कोअर कंपनी देणार, कस्टमायझेशन क्लायंट साईटवर! पेट्रोलमध्ये कालवलेला रंग पक्का बसे. पाण्यात कालवलेला पाऊस आला की ओघळे. युद्धाच्या शेवटी पेट्रोल रंगात घालण्याइतकं राहिलंच नव्हतं. कच्चा माल संपत आला तसे काही रणगाडे निम्मे शेंदरी प्रायमरमध्येच कारखान्याबाहेर पडले. आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलला पहिला हात देतात ते रेड ऑक्साईड, साधारण तसला रंग. म्हणजे कारखान्यात काय संपलंय तेही रणगाड्याच्या अंगावर वाचता येत होतं.

हे वाचता वाचता माझ्या पोटात गोळा आला. मी जोडलेला पँझर होता ‘एच’ प्रकारचा. लांब नळीचा, बाजूला पातळ पत्र्यांचे पडदे लावलेला. हा प्रकार बनायला लागला १९४३ च्या वसंतात. म्हणजे तो जन्मालाच आला पिवळ्या रंगात. करड्या रंगात तो कारखान्यातून निघायचं काही कारणच नव्हतं! वर मी त्याला वाळवंटी धूळ लावली होती, आणि आफ्रिकेतलं जर्मन सैन्य मे १९४३ मध्ये शरण गेलं होतं. बाबांचा प्रश्न शब्दशः बरोबर होता. हा रणगाडा कुठूनच आलेला नव्हता. रंग १९४१ चा, पत्रे १९४३ चे, धूळ लिबियाची, बर्फ रशियाचा आणि गंज भंगारवाल्याकडचा. आमच्या भाषेत सांगायचं तर चार वेगवेगळ्या ब्रँच एकत्र मर्ज केल्या होत्या, आणि बिल्ड कम्पाईल झाला म्हणून मी खूश होतो.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. कुठलंही मॉडेल रंगवायला घेताना आधी कागदावर एक जागा आणि एक तारीख लिहायची. बाकी सगळं त्याच्यातून निघतं. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, महागडा एअरब्रश नंतर घ्या, आधी तारीख घ्या.

तारीख ठरली की गंजाचा प्रश्न आपोआप सुटतो. युद्धातले बरेच रणगाडे काही आठवडे, फार तर काही महिने जगत. तेवढ्यात इंचभर जाडीचं चिलखत गंजून पापुद्रे सुटत नाहीत. गंज येतो तो धुराच्या नळकांड्यावर, कारण तिथे उष्णतेने रंग जळून जातो आणि उघडं लोखंड पावसात भिजतं. पट्ट्यांवर गंज येतो, पण पट्टे जिथे जमिनीला लागतात तिथे ते घासून चांदीसारखे चमकतात. नारिंगी पट्टा म्हणजे गाडी बरेच दिवस उभी आहे (चालती गाडी गंजत नाही!). ओरखडे येतात ते झाकणांच्या कडांना, चढायच्या पायरीला, अवजारं अडकवतात तिथे, म्हणजे जिथे माणसाचा हातपाय लागतो तिथे. धूळ खाली जास्त, वर कमी, आणि मागे सगळ्यात जास्त. पावसाचे ओघळ नेहमी सरळ खाली येतात, आणि त्यांची सुरुवात एखाद्या खाचेपासून किंवा बोल्टपासून होते.

आणि प्रमाणाचं गणित विसरायचं नाही. १:३५ मध्ये मॉडेलवरचा १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटीमीटरचा. मी स्पंजने उठवलेले टवके चार-पाच मिलिमीटरचे होते. खऱ्या रणगाड्यावर ते पुरणपोळीएवढे नसले तरी पुरीएवढे नक्की झाले असते!

हे १:३५ प्रमाण कुठून आलं त्याची गोष्ट सांगायलाच हवी. तामियाचं मूळ दुकान जपानमधल्या शिझुओका शहरातलं, आणि मूळ धंदा लाकडाच्या वखारीचा. लाकडी मॉडेल्स बनवता बनवता ते प्लॅस्टिककडे वळले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या आणि मोटर बसली पाहिजे, एवढ्या हिशेबाने आकार ठरला. नंतर मोजलं तर ते प्रमाण साधारण १:३५ निघालं. बस्स, तेच जगभर रूढ झालं. आज जिची कोणी गणना करत नाही अशी बॅटरी आख्ख्या छंदाचं स्टँडर्ड ठरवून गेली. सॉफ्टवेअरवाल्यांना अशी उदाहरणं नवीन नाहीत. तामियाचे सर्वेसर्वा शुनसाकू तामिया स्वतः अमेरिकेतल्या ॲबरडीनच्या लष्करी संग्रहालयात जाऊन रणगाड्यांची मापं आणि फोटो घेत. २०२५ मध्ये, नव्वदीत, ते गेले.

सुरुवातीला ही मॉडेल्स खेळणी होती, स्वच्छ आणि चकचकीत. त्यांना मळवण्याची कला नंतर आली. १९७० च्या दशकात अमेरिकेत शेपर्ड पेन या माणसाने मोनोग्राम कंपनीच्या किटबरोबर मिळणाऱ्या छोट्या पत्रकांतून देखावे कसे करायचे ते शिकवलं. तुटकी भिंत, पडलेलं झाड, त्याच्याशेजारी थकलेला रणगाडा. १९८० मध्ये त्यांचं पुस्तकही आलं. मग बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेनने वॉश आणि ड्रायब्रश घराघरात नेले. वॉश म्हणजे पातळ गडद रंग खाचांमध्ये सोडणं, आणि ड्रायब्रश म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळ करणं. २००० नंतर स्पेनच्या मिग हिमेनेझसारख्यांनी धुळीसाठी रंगीत पूड बाजारात आणली, आणि मळ चक्क बाटलीत विकत मिळू लागला. ‘युरोपची धूळ’ वेगळी, ‘वाळवंटाची धूळ’ वेगळी. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “आमच्याकडे वॉशिंग रॅम्पखाली फुकट होती.”

यात एक गोची आहे. कौशल्य वाढत गेलं तसा मळही वाढत गेला. प्रदर्शनातल्या काही मॉडेल्सवर इतकं काम असतं की तो रणगाडा लढाईतून आलाय की समुद्राच्या तळातून, ते कळत नाही. दिसायला अप्रतिम! पण ‘कुठून आलाय’ याला उत्तर नसतं. आणि जर्मन रणगाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न नुसता रंगाचा उरत नाही. माझा पँझर मी पुढे पुन्हा पिवळा रंगवला. कागदावर लिहिलं: युक्रेन, उन्हाळा १९४३. त्याला युक्रेनची धूळ लावताना पहिल्यांदा वाटलं, की ही धूळ कोणाच्या तरी शेतातली आहे. हा पाहुणा तिथे बोलावलेला नव्हता. त्या गाडीच्या वाटेवरची गावं, तिथली माणसं, त्यांचं काय झालं हे सगळं त्या छान हलक्या तपकिरी पुडीमागे आहे. किटच्या खोक्यावरच्या चित्रात ते नसतं. मॉडेल करू नये असं मी म्हणत नाही. पण जागा आणि तारीख लिहिली की मग खोटी निरागसता राहत नाही, एवढं खरं.

असो. त्यानंतर मी ठरवलं की एक रणगाडा आपल्या जवळचा करायचा.

जवळचा म्हणजे किती जवळचा? पुण्याहून नगर फक्त सव्वाशे किलोमीटर. (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, पण घरात अजून ‘नगर’च म्हणतात.) तिथे आर्मर्ड कोरचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. बाबांना घेऊन एका रविवारी गेलो. रोल्स रॉईसची जुनी चिलखती गाडी, व्हॅलेंटाईन, चर्चिल, सेंच्युरियन, १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन, आपला विजयंता... मी लहान मुलासारखा फिरत होतो. बाबा मात्र प्रत्येक गाडीच्या चाकांशी वाकून बघत आणि निराश होत. कारण सगळ्या गाड्या स्वच्छ! नियमित रंगवलेल्या, चकचकीत, पट्टे काळेभोर. सांभाळणाऱ्यांचं त्यात काही चुकत नाही. उघड्यावरचं लोखंड टिकवायचं तर रंग द्यायलाच हवा. पण बाबांचं म्हणणंही बरोबर होतं: “यांनी सगळं धुऊन टाकलंय. आता हा कुठून आला, कसं कळणार?”

मला रंगवायचा होता सेंच्युरियन, आणि तोही एक विशिष्ट. ‘फामागुस्ता’. नाव सायप्रसमधल्या एका बंदराचं, पण गाडी आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटची. तिचा कमांडर सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, जन्म १९५० चा, पुण्यातला. जून १९७१ मध्ये तो लष्करात अधिकारी झाला. डिसेंबरमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तो नगरलाच तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्सला होता. तिथून रेजिमेंटकडे परत गेला.

१५ डिसेंबरच्या रात्री शकरगढ भागात आपल्या पायदळाने बसंतर नदी ओलांडून पलीकडे जागा धरली. मागून रणगाडे यायचे, पण मध्ये सुरुंग पेरलेले. इंजिनियर्सचं सुरुंग काढायचं काम पुरं झालेलं नसताना समोरून पाकिस्तानी रणगाड्यांची हालचाल दिसली, आणि पूना हॉर्सचे सेंच्युरियन त्या अर्धवट साफ झालेल्या पट्ट्यातूनच पुढे गेले. १६ डिसेंबरला जरपालजवळ पॅटन रणगाड्यांशी समोरासमोर लढाई झाली. परमवीर चक्राच्या मानपत्रात लिहिलंय की त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यातले चार एकट्या खेतरपालने टिपले. त्याच्या गाडीला गोळा लागून आग लागली. गाडी सोडायचा हुकूम झाला. आपण हटलो तर शत्रू आत घुसेल हे दिसत असल्यामुळे तो लढत राहिला, आणखी एक रणगाडा टिपला, आणि मग दुसरा गोळा लागला. वय २१. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेलाही युद्ध थांबलं.

फामागुस्ता पुढे दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोर सेंटरमध्ये जतन केला गेला. म्हणजे ज्या गावातून तो मुलगा कोर्स अर्धा सोडून गेला, तिथेच त्याची गाडी परत आली. मी तिचे फक्त फोटो पाहिलेत. त्यातही ती नीट रंगवलेली दिसते.

आता आली पंचाईत. सेंच्युरियनचं १:३५ किट जोडून झालं, हिरवा रंग देऊन झाला, कागद समोर ठेवला. जागा: बसंतर. तारीख: १६ डिसेंबर १९७१. आणि वेळ? इथे पहिल्यांदा तारीख पुरेना, वेळही लिहावी लागणार होती. दुपारचा करायचा तर आग, काजळी, गोळ्याची भोकं. जळलेल्या रणगाड्याचं वेदरिंग हा आमच्या छंदातला मोठा ‘शो पीस’ असतो. जळल्यामुळे करपलेला रंग, राखाडी-पांढरी पडलेली रबरं, आणि त्यावर ताजा नारिंगी गंज. मला आता ते बऱ्यापैकी जमतं. व्हिडिओ पाहून सरावही केला होता.

दोन शनिवार मी ब्रश घेऊन नुसता बसलो. पँझरवर असंख्य टवके मारताना हात थांबला नव्हता. इथे थांबला. ज्या जागी एक एकवीस वर्षांचा मुलगा बसला होता तिथे काजळी ‘सुंदर’ कशी दिसेल याचा विचार करणं मला जमेना. आमच्या टीममध्ये कॉलेजमधून नुकतीच आलेली मुलं आहेत, त्याच वयाची. प्रॉडक्शन डाऊन झालं की त्यांचे हात थरथरतात, आणि मी म्हणतो, अरे कोणाचा जीव जात नाहीये.

दुसरा पर्याय म्हणजे म्युझियममध्ये असतो तसा, स्वच्छ. आदराने ठेवलेला. पण मग तो कुठूनच आलेला नसतो. सगळं धुऊन टाकलेला.

शेवटी कागदावर लिहिलं: १६ डिसेंबर १९७१, सकाळ. नदी ओलांडली आहे, सुरुंगाच्या पट्ट्यातून पार झालाय, अजून काही लागलेलं नाही. म्हणजे काजळी नाही, भोक नाही. फक्त गाळाची फिकट माती, पट्ट्यांत अडकलेलं गवत, मागच्या बाजूला धूळ, झाकणाच्या कडेला जिथे त्याचा हात पडत असेल तिथे रंग थोडा उडालेला. गंज फक्त धुराच्या नळकांड्यावर. एवढंच. इतकं कमी वेदरिंग मी कधी केलं नव्हतं, आणि इतका वेळही कधी लागला नव्हता.

काल संध्याकाळी ते बाबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. खालून-वरून पाहिलं. मी प्रश्नाची वाटच बघत होतो.

“हा आलाय कुठून?”

“नदी ओलांडून. रात्रीच. डिसेंबर आहे, सकाळची वेळ.”

ते बराच वेळ चाकांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “थंडीत एवढ्यात चिखल वाळायचा नाही. वरचा वाळेल, चाकांमधला अजून ओला असेल. तिथे जरा काळपट कर.”

बरोबर होतं त्यांचं. पुढचा प्रश्न, म्हणजे ‘चाललाय कुठे’, त्यांनी विचारला नाही. मीही सांगितलं नाही. त्यांना ठाऊकच होतं.

आज सकाळपासून चाकांमधला चिखल ओला करतोय. आई चहा ठेवून गेली, बघितलं, आणि या वेळी काही बोलली नाही.